रंग खाली, रेघ वर: नफा-तोट्याच्या आलेखात थर कसे लावायचे



या आठवड्याचा व्हिडिओ नेहमीपेक्षा थोडा तांत्रिक झालाय. "सर, धंदा शिकवता शिकवता हे ग्राफचं काय काढलंत?" असं काही जण म्हणतील, म्हणून आधी कारण सांगतो. माझ्या एका आलेखात रंगाचा एक पट्टा चुकीच्या थरावर पडला आणि त्यापायी एका ताईंचे तीन महिने तोट्यात गेले. चूक त्यांची नव्हती, माझी होती. ती कशी झाली आणि तुमच्या हातून होऊ नये म्हणून काय करायचं, एवढाच आजचा धडा.

झालं काय?

आमचं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. कर्जासाठी लागणारे प्रोजेक्ट रिपोर्ट आम्ही करून देतो आणि शनिवारी-रविवारी मी नव्या उद्योजकांची बॅच घेतो. बॅचमधल्या प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या आकड्यांचा बरोबरीचा आलेख, म्हणजे ब्रेक-ईव्हन चार्ट, छापून देतो. बीबीएला असताना हा चार्ट पाच मार्कांसाठी काढायचो. तो कुणाच्या घरखर्चाशी जोडलेला असतो हे कळायला पुढे दुकान टाकावं लागलं.

त्या ताईंचा चिवडा-चकलीचा व्यवसाय. आकडे असे होते:

- भाडं ६,००० रुपये, मदतनीस बाईंचा पगार ८,०००, लाइट बिल १,५०० आणि कर्जाचा हप्ता २,५००. म्हणजे काहीही विकलं नाही तरी महिन्याला १८,००० रुपये जाणारच.
- एका पाकिटाची विक्री किंमत १२० रुपये.
- एका पाकिटाचा कच्चा माल, तेल, गॅस, पिशवी आणि पोहोच मिळून ७५ रुपये.

एका पाकिटामागे हातात उरतात ४५ रुपये. १८,००० भागिले ४५, म्हणजे ४००. महिन्याला ४०० पाकिटं विकली की विक्री ४८,००० आणि खर्चही ४८,०००. तिथे बरोबरी. महिन्यात २५ दिवस काम धरलं तर रोजची १६ पाकिटं.

आलेख काढला. आडव्या अक्षावर पाकिटं, शून्यापासून ८०० पर्यंत. उभ्या अक्षावर रुपये. एक रेघ विक्रीची, एक खर्चाची. दोन रेघांच्या मधली जागा बरोबरीच्या अलीकडे लाल आणि पलीकडे हिरवी. इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग मला हुशारी सुचली. पहिल्या सहा महिन्यांत विक्री ३०० ते ५०० पाकिटांच्या दरम्यान राहील असा अंदाज होता, तेवढा भाग दिसावा म्हणून मी एक पिवळा उभा पट्टा टाकला. गडद पिवळा, आणि कोडमध्ये सगळ्यात शेवटी लिहिलेला.

आता तो कागद डोळ्यांसमोर आणा. लाल रंग शून्यापासून निघतो आणि ३०० ला संपतो. तिथून पिवळा सुरू होतो. ५०० नंतर हिरवा. दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात ती ४०० ची जागा पिवळ्याच्या पोटात गायब. मागच्या पानावर आकडेमोड छापलेली होती, पण पान उलटून कोण बघतं? ताईंनी बघितलं की लाल ३०० ला संपतोय, म्हणजे तोटा ३०० ला संपतोय. कुणीही हेच वाचलं असतं.

तीन महिने त्यांनी ३०० च्या आसपास पाकिटं विकली. ३०० पाकिटांवर विक्री ३६,०००, खर्च ४०,५००. दर महिन्याला साडेचार हजारांची तूट. तीन महिन्यांचे मिळून साडेतेरा हजार. त्याहून वाईट म्हणजे एका कँटीनकडून महिन्याला १०० पाकिटांची मागणी आली होती, ती त्यांनी नको म्हणून सांगितली. बरोबरी झालीच आहे, उगाच दगदग कशाला, असा हिशोब. त्याच १०० पाकिटांनी त्या खऱ्या बरोबरीला पोचल्या असत्या.

एक दिवस तो कागद घेऊन दुकानात आल्या. म्हणाल्या, "सर, तुमच्या कागदाप्रमाणे चाललेय, मग गल्ल्यात पैसे का कमी पडतायत?" मी कागद हातात घेतला आणि बघताक्षणी पोटात गोळा आला.

रांगोळी काढणाऱ्याला हे आधीपासून माहीत असतं

आई दारात ठिपक्यांची रांगोळी काढायची तेव्हा आधी ठिपके, मग पांढऱ्या रेघा, मग रंग. पण रंग भरताना रेघेवर थोडा रंग सांडतोच. म्हणून शेवटी ती पांढरी रांगोळी घेऊन सगळ्या रेघा पुन्हा एकदा ओढायची. मगच ती नक्षी उठून दिसायची.

आलेखाचंही तसंच आहे. रंग सांगतो की हा भाग चांगला, तो भाग वाईट. आकडा मात्र वाचायचा असतो रेघेवरून आणि ग्रिडवरून, म्हणजे मागच्या चौकटींवरून. म्हणून आजचं एकच सूत्र लिहून ठेवा: ज्याच्यावरून आकडा वाचायचा ते कधीही रंगाच्या खाली जाता कामा नये.

फरक एवढाच की रांगोळीत हात शेवटी कुठे फिरला ते आपल्याला दिसतं. सॉफ्टवेअरमध्ये कोण कोणाच्या वर बसलंय हे सॉफ्टवेअर ठरवतं, आणि आपण सांगितलं नाही तर ते त्याच्या सवयीने ठरवतं.

आम्ही आलेख कशात काढतो

आमची वर्कबुकं आम्ही लेटेकमध्ये बसवतो. गणिताची पुस्तकं छापण्यासाठी डोनाल्ड नूथ यांनी १९७८ मध्ये 'टेक' नावाची प्रणाली आणली. लेटेक तिच्यावरच उभं आहे, आणि त्यात आलेख काढण्यासाठी 'पीजीएफप्लॉट्स' नावाचं पॅकेज मिळतं. सगळं फुकट आहे. आम्हाला सोयीचं अशासाठी, की किंमत १२० ची १३० केली तर एका जागी आकडा बदलायचा. रेघा, रंग, छेदबिंदू सगळं आपोआप नव्याने बसतं. बॅचला पंचवीस जण असले की याची किंमत कळते.

खाली आज्ञांची नावं मी उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी अक्षरांतच टाइप करायची. व्हिडिओत स्क्रीनवर स्पेलिंग दिसतंय.

मुलाखत थरांची: तळापासून वरपर्यंत

थर चालू केले नाहीत तर नियम साधा असतो. जो 'अ‍ॅडप्लॉट' आधी लिहिला तो खाली, नंतर लिहिला तो वर. माझा पिवळा पट्टा शेवटी लिहिलेला, म्हणून तो सगळ्यांच्या डोक्यावर बसला.

'सेट लेयर्स' ही आज्ञा दिली की थर चालू होतात. मग प्रत्येक गोष्टीला तिचा मजला ठरलेला असतो. नेहमीचा क्रम तळापासून असा:

१. अ‍ॅक्सिस बॅकग्राउंड: सगळ्यात तळाची पार्श्वभूमी
२. अ‍ॅक्सिस ग्रिड: चौकटींच्या रेघा
३. अ‍ॅक्सिस टिक्स: अक्षावरच्या बारीक खुणा
४. अ‍ॅक्सिस लाइन्स: अक्षांच्या रेघा
५. अ‍ॅक्सिस टिक लेबल्स: अक्षावरचे आकडे
६. प्री मेन: मुख्य थराच्या लगेच खालचा थर
७. मेन: आपल्या रेघा इथे येतात
८. अ‍ॅक्सिस डिस्क्रिप्शन्स: अक्षांची नावं, शीर्षक, रंगसूची
९. अ‍ॅक्सिस फोरग्राउंड: सगळ्यात वर

एकाच मजल्यावर दोन गोष्टी असतील तर त्यांच्यात पुन्हा तोच जुना नियम लागतो, नंतर लिहिलेली वर. म्हणजे आधी मजला बघायचा, मग रांगेतला नंबर.

दोन रेघांमधली जागा रंगवायला 'फिल बिटवीन' नावाची लायब्ररी आहे. दोन्ही रेघांना आधी 'नेम पाथ' वापरून नाव द्यायचं, मग त्या नावांच्या मधली जागा भरायला सांगायची. ही लायब्ररी शहाणी आहे. काही सांगितलं नाही तर ती रंग प्री मेनवर ठेवते, म्हणजे मेनवरच्या रेघांच्या खाली. म्हणूनच माझ्या आलेखात लाल आणि हिरव्याने काही बिघडवलं नव्हतं. पिवळा पट्टा मात्र मी साध्या अ‍ॅडप्लॉटने काढून 'क्लोज्ड सायकल'ने बंद केला होता. त्याला असं संरक्षण नसतं. तो थेट मेनवर जातो, आणि शेवटी लिहिला तर रेघांच्याही वर. दोन रंग नीट बसले म्हणून तिसराही बसेल, हे मी गृहीत धरलं. घोटाळा तिथेच झाला.

दुसरा घोटाळा: ग्रिड

आता वरची यादी पुन्हा बघा. ग्रिड दुसऱ्या मजल्यावर, प्री मेन सहाव्या. म्हणजे फिल बिटवीनचा रंग रेघांच्या खाली असला तरी ग्रिडच्या वर असतो. रंग भरला की त्याखालच्या चौकटी गायब! आणि नफा-तोटा मोजायला चौकटी नेमक्या रंगाच्या भागातच लागतात. ताईंना शंका आली असती तरी ३०० पासून वर चढत जाऊन बघायला रेघच नव्हती.

यावर दोन उपाय आहेत.

पहिला उपाय, 'अ‍ॅक्सिस ऑन टॉप'. हे दिलं की ग्रिड, खुणा, अक्ष हे सगळे मेनच्या वर येतात. एका शब्दात काम होतं. पण मग ग्रिडच्या रेघा आपल्या विक्री-खर्चाच्या रेघांनाही वरून कापत जातात. ग्रिड फिकट आणि बारीक असेल तर चालून जातं. गडद असेल तर रेघ तुकड्या-तुकड्यांची दिसते.

दुसरा उपाय, रंगच तळाला पाठवायचा. फिल बिटवीनच्या कंसात 'ऑन लेयर' लिहून अ‍ॅक्सिस बॅकग्राउंड द्यायचं. मग क्रम होतो: तळाला रंग, त्यावर ग्रिड, त्यावर रेघा. रांगोळीचाच क्रम. मी आता हाच वापरतो.

माझी आताची पद्धत, पायरी-पायरीने

१. अक्षाच्या पर्यायांत सेट लेयर्स लिहितो. ग्रिड चालू करतो, फिकट राखाडी.

२. पिवळा पट्टा हवाच असेल तर तो सगळ्यात आधी लिहितो आणि त्याच्या अ‍ॅडप्लॉटला ऑन लेयर देऊन अ‍ॅक्सिस बॅकग्राउंडवर पाठवतो. रंग अगदी फिकट, कडेला रेघ नाही.

३. मग विक्रीची रेघ आणि खर्चाची रेघ, दोन्हींना नेम पाथ देऊन. या मेनवरच राहतात. लक्षात ठेवा, नाव दिल्याशिवाय फिल बिटवीनला रेघ सापडत नाही, म्हणून रेघा आधी आणि भराव नंतर.

४. मग फिल बिटवीन. त्यात 'स्प्लिट' लिहायचं, म्हणजे रेघा जिथे छेदतात तिथे भाग वेगळे होतात. मोजणी शून्यापासून असते. 'एव्हरी सेगमेंट नंबर शून्य' हा डावीकडचा तोट्याचा भाग, 'नंबर एक' हा उजवीकडचा नफ्याचा. दोघांना वेगवेगळा रंग. यालाही ऑन लेयर देऊन अ‍ॅक्सिस बॅकग्राउंडवर. पट्टा आधी लिहिलाय, भराव नंतर, म्हणून एकाच मजल्यावर असूनही भराव पट्ट्याच्या वर येतो. लाल नेमका ४०० लाच संपताना दिसतो.

५. सगळ्यात शेवटी बरोबरीची खूण. ४०० आणि ४८,००० वर एक ठळक काळा ठिपका, तिथून खाली अक्षापर्यंत तुटक रेघ, आणि शेजारी अक्षरांत लिहितो: "बरोबरी, ४०० पाकिटं, रोजची १६". ही शेवटी लिहिल्यामुळे मेनवरच्या इतर रेघांच्या वर राहते.

पाचवी पायरी कधीच सोडू नका. थर कितीही बरोबर लावले तरी ज्या आकड्यावर माणूस निर्णय घेणार तो आकडा अक्षरांत लिहिलेला हवा.

नेहमी होणाऱ्या तीन चुका

पारदर्शक केलं की झालं असं समजणं. 'फिल ओपॅसिटी' कमी केली की खालच्या रेघा दिसतात खऱ्या. पण दोन पारदर्शक रंग एकमेकांवर आले की तिसराच रंग तयार होतो. लालवर पिवळा आला की नारिंगी. मग बघणारा विचारतो, हा नारिंगी भाग कसला? रंगसूचीत तर नाहीये! पारदर्शकता ही डागडुजी आहे, थर नीट लावणं हे खरं काम.

दोन अक्ष-चौकटी एकावर एक. समजा एकाच चित्रात डावीकडे रुपये आणि उजवीकडे ऑर्डरची संख्या दाखवायची आहे. थर नसतील तर दुसरी चौकट पूर्णच्या पूर्ण पहिलीच्या वर बसते आणि तिचा रंग पहिलीच्या रेघा झाकतो. दोन्हींना सेट लेयर्स दिलं की थर सगळ्या चित्रासाठी एकत्र मोजले जातात. तळाला पाठवलेला दुसरीचा रंग मग पहिलीच्याही रेघांच्या खाली जातो.

फक्त स्क्रीनवर बघून छापणं. आमच्या दुकानात दिवसभर हेच बघतो. रंगीत कागदाची काळी-पांढरी झेरॉक्स काढली की लाल आणि हिरवा दोन्ही जवळपास सारखेच राखाडी होतात. बँकेच्या फायलीत बहुतेक वेळा झेरॉक्सच लागते. म्हणून तोट्याच्या भागात रंगाऐवजी तिरप्या रेघांचा भराव वापरा, 'पॅटर्न्स' लायब्ररीत तो मिळतो. आणि अंतिम छपाईआधी एक साधी झेरॉक्स काढून बघा. एका कागदाचा खर्च आहे.

मी एक्सेल वापरतो, मला काय?

तुम्हालाही हेच लागू. एक्सेलमध्ये एकाच चार्टमध्ये वेगवेगळे प्रकार एकत्र केले तर त्यांचा क्रम ठरलेला असतो: आधी एरिया, त्यावर कॉलम, त्यावर लाइन, त्यावर स्कॅटर. दुय्यम अक्षावरचं सगळं मुख्य अक्षावरच्या सगळ्याच्या वर. म्हणून रंगाचे भाग एरियामध्ये आणि मुख्य अक्षावर ठेवा, विक्री-खर्च लाइनमध्ये ठेवा. एरिया दुय्यम अक्षावर टाकलात की तुमचाही पिवळा पट्टा होणार! ग्रिडलाइन मात्र तिथे एरियाच्या मागेच राहतात, म्हणून एरियाचा रंग थोडा पारदर्शक करावा लागतो. आणि बरोबरीचा आकडा अक्षरांत लिहायचा, हे आलंच.

पुढे काय झालं?

मी ताईंसमोर बसून कागद दुरुस्त केला, नवीन छापला आणि माफी मागितली. त्यांनी त्या संध्याकाळी कँटीनला फोन केला, पण तिथे तोवर दुसऱ्या कुणाचा माल सुरू झाला होता. गेलेली ऑर्डर गेली. नवीन कागद त्यांनी कामाच्या ओट्यासमोर भिंतीला चिकटवलाय. रोज संध्याकाळी त्या दिवसाची पाकिटं मोजून त्याच्यावर पेन्सिलने टिंब करतात, १६ च्या वर की खाली.

मग त्या बॅचच्या सगळ्यांना फोन करून जुने कागद परत मागवले. पिवळा पट्टा प्रत्येकाच्या कागदावर होता. नव्या कागदावर मी तो ठेवलाच नाही. अपेक्षित विक्री आलेखाखाली एका ओळीत लिहिली. थर लावता येतात म्हणून तीन-तीन रंग भरलेच पाहिजेत असं कुठे आहे?

तुमचा गृहपाठ

तुमच्याकडे जो कुठला नफा-तोट्याचा आलेख आहे, वर्कबुकातला, रिपोर्टमधला किंवा कुणी काढून दिलेला, तो बाहेर काढा. ज्याला तुमच्या धंद्यातलं काही माहीत नाही अशा घरातल्या माणसाच्या हातात द्या. एकच प्रश्न विचारा: "तोटा कुठे संपतो?" आकडा बरोबर आला तर आलेख पास. अडखळले किंवा चुकीचा आकडा सांगितला तर त्यांना समजावत बसू नका, आलेख दुरुस्त करा. रंग खाली, रेघ वर, आकडा अक्षरांत.

कुणाचा आलेख नापास झाला ते नक्की कळवा, पुढच्या व्हिडिओत आपण तोच दुरुस्त करू. भेटूया पुढच्या शनिवारी!